छपरावरचा सूर्य आणि घरातील वीज

आपल्या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, अशी चिटणीसांची सूचना आली, तेव्हा आम्ही प्रथम शिक्षणविषयक लेख लिहावयाचे योजिले होते. परंतु मास्तरांनी शिक्षणावर लिहिलेले वाचणार कोण, असा रोकडा सवाल आमच्या घरातूनच झाला. सवाल खोटा नव्हता. म्हणून गेली दोन वर्षे आमच्या घरी, गल्लीत आणि शाळेच्या शिक्षकखोलीतही ज्या एका विषयावर सर्वांत अधिक बोलणे होत आहे, तोच येथे घेतो. तो विषय म्हणजे घराच्या गच्चीवर सूर्यापासून वीज तयार करून तीवर घर चालविणे. बडोद्यातील आपल्या पुष्कळ सभासदांनी ही योजना केली आहे, पुष्कळांच्या ती मनात आहे, आणि दोन्ही पक्षांत काही गैरसमज सारखेच आहेत. त्यांतील सर्वांत मोठ्या गैरसमजात आम्ही स्वतः सापडलो होतो. तेव्हा आरंभ तेथूनच करणे प्रामाणिकपणाचे होईल.

२०२४ च्या मे महिन्यात आम्ही आमच्या गच्चीवर ३ किलोवॉटची सौर योजना बसवून घेतली. बसविणाऱ्या गृहस्थांनी जाताना, ‘आता लाइटची काळजी सोडा’ असे सांगितले, आणि आम्ही ती सोडली. जून-जुलैचे बिल पाहून घरात समाधान पसरले. पुढे ऑगस्टच्या २६ तारखेस, म्हणजे ऐन गोकुळाष्टमीस, जो पाऊस लागला तो सर्वांच्या स्मरणात असेलच. विश्वामित्रीची धोक्याची खूण २५ फुटांची. पाणी ३५ फुटांच्याही वर गेले. आमच्या गल्लीत कंबरभर पाणी झाले, मीटरची पेटी बुडाली, आणि त्यापूर्वीच वीज कंपनीने पुरवठा बंद केला होता, हे योग्यच केले होते. आम्ही सर्वजण वरच्या मजल्यावर गेलो. आमच्या मातोश्रींना दम्याचा विकार आहे. त्यांना औषधाची वाफ देण्याचे यंत्र विजेवर चालते. दोन रात्री मेणबत्त्यांवर गेल्या. मग पाऊस उघडला आणि लख्ख ऊन पडले.

आता मौज पाहा. खाली पाणी, वर ऊन, गच्चीवर सहा पॅनेले चकाकत आहेत, आणि घरात एक दिवा लागत नाही! इन्व्हर्टरवरचा लाल दिवा तेवढा लुकलुकत होता. तेवढ्यात पलीकडच्या गच्चीवरून नानांनी हाक दिली, “मास्तर, तुमच्याकडे तर सूर्य आहे! आमचे दोन मोबाइल तेवढे भरून द्या. मुलगी पुण्याहून काळजी करत असेल.” आम्ही म्हटले, “नाना, आमच्याकडेही काही चालत नाही.” नानांनी एकवार पॅनेलांकडे पाहिले, एकवार आमच्याकडे पाहिले, आणि ते काही न बोलता आत गेले. पुढे पंधरा दिवस त्यांनी आमच्याशी धड भाषण केले नाही. वीस वर्षांच्या शेजारात आम्ही कधी वाटीभर साखर नाकारली नव्हती. नेमकी अडचणीच्या वेळी वीज नाकारली, असा त्यांचा समज झाला, आणि तो समज करून घेण्यात त्यांची काही चूक होती असेही म्हणवत नाही. विज्ञानाचा पदवीधर, मुलांना विद्युत् शिकविणारा शिक्षक. आम्हाला तरी कोठे ठाऊक होते?

पाणी ओसरल्यावर आम्ही हा विषय मुळापासून अभ्यासला. तो असा.

सूर्यप्रकाशाने वीज उत्पन्न होते हे माणसास कळून पावणेदोनशेहून अधिक वर्षे झाली. १८३९ साली एडमंड बेकरेल या एकोणीस वर्षांच्या फ्रेंच तरुणास हा परिणाम प्रथम आढळला. परंतु उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा घट तयार झाला तो १९५४ साली, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत. चॅपिन, फुलर आणि पिअर्सन या तिघांनी तो सिद्ध केला, आणि पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे शेकडा ६ इतक्याच ऊर्जेचे तो विजेत रूपांतर करी. चारच वर्षांनी, १९५८ साली, असे घट व्हॅनगार्ड उपग्रहावर बसून आकाशात गेले. घराच्या गच्चीवर यावयास त्यांना पुढे कित्येक दशके लागली, कारण किंमत. आज बाजारात मिळणारे चांगले पॅनेल शेकडा २० ते २२ इतके काम देते.

घटाची रचना थोडक्यात सांगतो. सिलिकॉनच्या पातळ चकतीच्या एका अंगास फॉस्फरसचा व दुसऱ्या अंगास बोरॉनचा अत्यल्प अंश मिसळलेला असतो. प्रकाश पडला की चकतीतील काही इलेक्ट्रॉन मोकळे होतात, आणि दोन थरांच्या सीमेवरील विद्युत् क्षेत्र त्यांना एकाच दिशेने लोटते. हाच प्रवाह. त्यात हलणारा भाग नाही, आवाज नाही, झिजण्यासारखे फारसे काही नाही. एका घटाचा दाब अर्धा व्होल्टच्या थोडा वर असतो. म्हणून पुष्कळ घट एकापुढे एक जोडून एक पॅनेल करतात. यातून मिळतो तो दिष्ट प्रवाह. घरातील पंखा, फ्रीज चालतात ते प्रत्यावर्ती प्रवाहावर. हे रूपांतर करण्याचे काम इन्व्हर्टरचे.

घट एकापुढे एक जोडलेले असतात ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण सावलीचे सारे रहस्य तीत आहे. अरुंद बोळातून बैलगाड्यांची रांग चालली असता एक गाडी अडली की मागच्या-पुढच्या साऱ्या अडतात, तसा हा प्रकार आहे. वर्गात आम्ही एक लहानसे पॅनेल उन्हात ठेवून त्यास मोजमापाचे यंत्र जोडतो, आणि एका विद्यार्थ्यास त्यातील एकच घट तळहाताने पूर्ण झाकावयास सांगतो. मुलांचा अंदाज असा असतो की, आठ घटांपैकी एक झाकला, तेव्हा प्रवाह आठव्या हिश्श्याने कमी होईल. प्रत्यक्षात काटा जवळजवळ शून्यावर येतो. मोठ्या पॅनेलात हा तोटा आवरण्यासाठी सामान्यतः तीन आडवाटा ठेवलेल्या असतात, म्हणजे एका घटावर सावली पडली तर सबंध पॅनेल न जाता त्याचा तिसरा हिस्सा जातो. तरीही पाण्याच्या टाकीची, जिन्याच्या खोलीची किंवा शेजारच्या नारळाची सावली ही गच्चीवरील विजेची पहिली शत्रू समजावी.

सावली मोजणे कठीण नाही. आमचे वडील घड्याळ न पाहता भिंतीच्या सावलीवरून अस्रच्या नमाजाची वेळ सांगत, कारण ती वेळ वस्तूच्या सावलीच्या लांबीवरूनच ठरते. तीच विद्या येथे कामास आली. बडोद्याचे अक्षांश सुमारे २२.३. जूनच्या २१ तारखेस मध्यान्ही सूर्य अगदी डोक्यावर असतो व सावली पायाखाली असते. पण डिसेंबरच्या २२ तारखेस मध्यान्ही तो क्षितिजापासून ४४ अंशांवरच चढतो, आणि त्या दिवशी वस्तूची सावली जवळजवळ तिच्या उंचीइतकीच पडते, तीही उत्तरेकडे. म्हणजे सहा फुटी टाकीची सावली ऐन दुपारी सहा फूट आणि सकाळी नऊला किंवा दुपारी चारला तिच्याहून पुष्कळच लांब. यावरून निष्कर्ष उघड आहे. टाकी उत्तरेस, पॅनेले दक्षिणेस. आणि गच्ची जूनमध्ये पाहून निर्णय करू नये. उन्हाळ्यात बसविणारे लोक उन्हाळ्याची सावली पाहतात. हिवाळ्यात बिल वाढले की घरधनी आश्चर्य करीत बसतो. जाता जाता हेही सांगतो की आपल्याकडे मध्यान्ह घड्याळाच्या बाराला होत नाही; भारतीय प्रमाणवेळेची रेषा आपल्या पूर्वेस असल्याने ती साडेबाराच्या मागेपुढे होते.

पॅनेलांचे तोंड दक्षिणेस व उतार साधारण अक्षांशाइतका, म्हणजे वीस-बावीस अंशांचा ठेवावा. धूळ आठ-पंधरा दिवसांनी पुसावी, मात्र सकाळी लवकर. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये.

आता एक समज असा आहे की जितके ऊन कडक तितकी वीज अधिक. हे अर्धेच खरे. पॅनेलावर जो आकडा छापलेला असतो तो घटाचे तापमान २५ अंश धरून काढलेला असतो. मे महिन्यात गच्चीवर तोच घट ६० अंशांच्या वर तापतो, आणि दर अंशास शेकडा सुमारे ०.३ ते ०.४ इतकी शक्ती घटते. हिशेब केल्यास दहा-बारा टक्के, कधी त्याहूनही अधिक, नुसत्या उष्णतेने जातात. प्रकाश हवा, उष्णता नको, असे हे यंत्र आहे. निरभ्र आकाश आणि थंड वारा असलेले फेब्रुवारी-मार्चचे दिवस त्यास मोठे मानवतात. पॅनेलांखालून वारा खेळता राहावा म्हणून ती गच्चीला चिकटवून बसवू नयेत.

आमच्याकडे ती सात फूट उंच सांगाड्यावर बसविली आहेत, पण त्याचे खरे कारण वारा नसून उत्तरायण हे होय. बडोद्यात १४ जानेवारीला गच्ची पतंगासाठी मोकळी नाही म्हणणे म्हणजे घरातील मुलांशी युद्ध पुकारणे. सांगाड्याचा खर्च वाढला. शांतता मात्र राहिली. सांगाडा उंच केला की वाऱ्याचा भार वाढतो, म्हणून त्याचे पाय स्लॅबमध्ये कसे रोविले जातात व भोके पाडल्यावर गळतीचा बंदोबस्त काय, हे उभे राहून पाहावे.

किती किलोवॉटची योजना घ्यावी? येथे लोक सहसा शेजाऱ्याकडे पाहतात, आणि पाहावयाचे असते स्वतःच्या बिलाकडे. मागील बारा महिन्यांची बिले काढून युनिटांची बेरीज करावी व तीस बाराने भागावे. आपल्या प्रदेशात १ किलोवॉटची पॅनेले वर्षाच्या सरासरीने दिवसास सुमारे ४ युनिट देतात, म्हणजे महिन्यास १२०. ज्याचा खप महिन्यास १२० युनिट आहे, त्यास एक किलोवॉट पुरे. त्याने ‘मिळतेच आहे’ म्हणून तीन घेणे हे दोन माणसांसाठी पंगतीचा भात शिजविण्यासारखे आहे. उरलेली वीज कंपनी घेते हे खरे, पण ज्या दराने आपण विकत घेतो त्याहून पुष्कळ कमी दराने.

सरकारची सूर्यघर योजना २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाली, तीत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्यास १८,००० रुपये, असे अधिकात अधिक ७८,००० रुपये साहाय्य ठरविले. त्यामागचा हिशेब असा, की पहिल्या दोन किलोवॉटची आदर्श किंमत प्रत्येकी ५०,००० रुपये धरून तीवर शेकडा ६०, आणि तिसऱ्याची ४५,००० धरून तीवर शेकडा ४०. म्हणजे तीन किलोवॉटचे १,४५,००० रुपये होतात, आणि साहाय्य वजा जाता घरधन्याच्या अंगावर ६७,००० येतात. प्रत्यक्षात उंच सांगाडा, लांब तारा इत्यादींमुळे रक्कम वाढते; ती एक लाख धरू. महिन्यास २७० युनिट वाचले व युनिटास सर्व आकार मिळून सात रुपये पडतात असे समजले, तर महिन्यास १,८९० रुपये वाचतात, आणि एक लाख रुपये सुमारे साडेचार वर्षांत वसूल होतात. पॅनेलांची हमी बहुधा पंचवीस वर्षांची असते. इन्व्हर्टर मात्र मध्ये एकदा बदलावा लागेल असे धरून चालावे. एकंदरीत सौदा वाईट नाही. पण त्यास ‘मोफत वीज’ म्हणणे आम्हास पटत नाही. हा आगाऊ भरलेला विजेचा पैसा आहे. बिलातील स्थिर आकारही चालूच राहतो, तेव्हा ‘बिल शून्य’ ही बोली ऐकली की थोडे थांबावे.

असो. आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे त्या पुराच्या दिवसाकडे येऊ.

सूर्याची वेळ आणि घराची वेळ एक नाही. सगळ्या अडचणीचे मूळ हे आहे, आणि ही अडचण जुनी आहे. १८७८ च्या सुमारास मुंबईत विल्यम अ‍ॅडम्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने कुलाब्यास आरसे मांडून सूर्याच्या उष्णतेवर वाफेचा पंप चालवून दाखविला होता. १९५० नंतरच्या दशकात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने सौरचूल तयार केली. अन्न तीवर शिजे, पण ती घरोघर काही रुजली नाही. रुजणार कशी? आपल्या घरात चूल पेटते सकाळी आणि रात्री. सूर्याची भट्टी पेटते दुपारी. गृहिणीने भर दुपारी गच्चीवर उभे राहून रात्रीची डाळ शिजवावी, ही अपेक्षा पुरुषांनीच केलेली दिसते.

आमच्याच घराचे पाहा. आम्ही शाळेत, मुले महाविद्यालयात. दुपारी घर रिकामे. पॅनेले दिवसास १२ युनिट देतात, त्यांतली जेमतेम ३ दिवसा घरात खपतात. ९ युनिट तारेवाटे बाहेर जाऊन गल्लीतील इतरांच्या उपयोगी पडतात. संध्याकाळ ते सकाळ आम्हास ६ युनिट लागतात. ती आम्ही तारेवरूनच परत घेतो. दोन्हीकडची ये-जा मोजणारा मीटर वजाबाकी करतो. याचा अर्थ, रात्री आमच्या घरी जळणारा दिवा सूर्याचा नव्हे. तो वीज कंपनीचाच. सूर्य आमच्या खात्यात जमा होतो एवढेच. खाते आहे, पण घरात तिजोरी नाही. पेढीचे दार बंद झाले की खात्यात कितीही रक्कम असो, भाजी आणावयास पैसा मिळत नाही, तशी आमची २०२४ च्या पुरात स्थिती झाली.

परंतु ही रात्रीची गोष्ट. भर उन्हातही वीज का मिळाली नाही? त्यास दोन कारणे आहेत, आणि पहिले कळले तेव्हा आमचा राग निवळला.

समजा, गल्लीतील तार तुटून पाण्यात पडली आहे. कंपनीने पुरवठा बंद केला आहे, आणि एक वायरमन गुडघाभर पाण्यात उभा राहून ती जोडीत आहे. त्याची समजूत अशी की तारेत प्राण नाही. आता आमच्या गच्चीवरून वीज जर त्या तारेत जात राहिली तर? इतकेच नव्हे, खांबावरचा ट्रान्सफॉर्मर हे यंत्र दोन्ही दिशांनी चालते. ११,००० व्होल्टचे तो आपल्यासाठी २३० करतो, तसेच मागल्या बाजूने २३० मिळाले तर त्याचे ११,००० करील, आणि पलीकडच्या रस्त्यावर काम करणाऱ्या माणसाचा जीव जाईल. म्हणून तारेस जोडलेला प्रत्येक इन्व्हर्टर असा बनविलेला असतो की तारेतील वीज गेली की दोन सेकंदांच्या आत त्याने स्वतः बंद पडावे. आमचा इन्व्हर्टर बिघडला नव्हता. तो आपले काम चोख करीत होता. पुरात त्याच पाण्यात जी माणसे आमच्याकरिता उभी होती, त्यांच्या जिवासाठी तो बंद होता.

दुसरे कारण साधे आहे. ढग आला की पॅनेलांची वीज क्षणात अर्ध्यावर येते. घराची मागणी मात्र तशीच. तारेवरून वीज येत असेल तर ती उणीव भरून निघते. तार नसेल आणि बॅटरीही नसेल, तर फ्रीज, पंप अशी यंत्रे धक्के खात बंद-चालू होतील. तेव्हा उन्हातही स्वतंत्रपणे घर चालवावयाचे, तर मध्ये साठा हवाच. मेहसाणा जिल्ह्यातील मोढेरा गाव २०२२ च्या ऑक्टोबरात चोवीस तास सूर्यावर चालणारे गाव म्हणून जाहीर झाले. अकराव्या शतकातील सूर्यमंदिराचे ते गाव! तेथे घरांवर एकेक किलोवॉटची पॅनेले आहेतच, पण त्यांच्या जोडीस सहा मेगावॉटचे केंद्र आणि मोठा बॅटरीसाठा आहे. लोक पॅनेलांची छायाचित्रे काढतात. गाव रात्री उजळते ते बॅटऱ्यांच्या बळावर.

मग घरी उपाय काय? एक म्हणजे बॅटरीसह चालणारा, हायब्रिड म्हणतात तो इन्व्हर्टर. वीज गेली की तो घरास तारेपासून तोडतो, आणि घरातील ठराविक दिव्या-पंख्यांपुरता पुरवठा आतल्या आत चालू ठेवतो. हा उत्तम, पण खर्च पुष्कळ वाढतो. शिवाय नवी योजना करताना तो सोपा जातो, जुनीत बसविणे अवघड. अनेकांच्या घरी पूर्वीपासून साधा बॅटरीचा इन्व्हर्टर आहे. तो अंधारात उपयोगी पडतोच. मात्र तो भरतो तारेच्या विजेवर, म्हणून वीज दोन दिवस गेली की दुसऱ्या दिवशी तोही रिकामा.

आम्ही तिसरा मार्ग धरला. मोठी योजना तशीच ठेवून, तिच्याशी काही संबंध नसलेली एक लहानशी स्वतंत्र जोडणी केली. ३३० वॉटचे एक पॅनेल, १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासांची एक बॅटरी, तीस योग्य असा छोटा इन्व्हर्टर. हिशेब सभासदांच्या उपयोगी पडेल म्हणून देतो. ९ वॉटचे तीन दिवे पाच तास, १३५. नव्या पद्धतीचा ३० वॉटचा एक पंखा आठ तास, २४०. वाफेचे यंत्र १५० वॉटचे, दिवसातून तीनदा दहा मिनिटे, ७५. चार मोबाइल, सारे मिळून १००. एकूण ५५० वॉट-तास, आणि इन्व्हर्टरचा घाटा धरून साडेसहाशे. बॅटरीत १,८०० वॉट-तास मावतात, पण साध्या बॅटरीतून निम्म्याहून अधिक काढू नये, म्हणजे ९०० हाताशी. उन्हाच्या दिवशी पॅनेल १,३०० च्या आसपास देते. ढगाळ दिवशी त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर समाधान मानावे लागते. फ्रीज, इस्त्री, पाणी तापविणे हे यात बसत नाही, आणि बसवू नये. पाणी तापविण्यास तर वीज करणेच चुकीचे. त्यास सूर्याची उष्णता सरळ घेणारा नळ्यांचा बंब वेगळा मिळतो आणि तो थोड्या जागेत अधिक काम देतो.

पुराने आणखी एक धडा दिला, तो बसविणारे सहसा सांगत नाहीत. मुख्य वीज बंद असली तरी, ऊन आहे तोवर पॅनेलांपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या तारेत प्राण असतो. पॅनेलास बंद करण्याची कळ नसते. सूर्यास कोण बंद करणार? म्हणून ती तार, जोड आणि इन्व्हर्टर पुराच्या पाण्याच्या पातळीहून वर असले पाहिजेत. आमचा इन्व्हर्टर नशिबाने जिन्यात पहिल्या मजल्यावर होता. पलीकडच्या गल्लीत तो एके ठिकाणी अंगणातील भिंतीवर होता, आणि पाण्यात बुडाला. कोणास इजा झाली नाही, पण होण्यासारखी होती. पॅनेल व इन्व्हर्टर यांच्यामध्ये दिष्ट प्रवाहाचा खटका असतो, तो कोठे आहे हे घरातील सर्वांस, विशेषतः दिवसा घरी असणाऱ्या स्त्रियांस, दाखवून ठेवावे. ओल्या हाताने तेथे कोणी जाऊ नये. अर्थिंग दरवर्षी तपासावे.

दिवसाची वीज दिवसा वापरणे हेही शिकावे लागले. पंप, कपडे धुण्याचे यंत्र, इस्त्री ही कामे आम्ही रविवारी व सुटीत अकरा ते तीनच्या दरम्यान नेली. बाहेर पाठवून परत घेण्यापेक्षा हे बरे, आणि गल्लीतील तारेवरचा संध्याकाळचा भारही तेवढा हलका होतो. आमच्या कुटुंबाचे म्हणणे असे की भर दुपारी इस्त्री करावयास सांगणारा माणूस स्वतः इस्त्री करीत नसला पाहिजे. तेव्हापासून रविवारची इस्त्री आमच्याकडे आहे.

नानांना हे सारे आम्ही एका संध्याकाळी कागदावर काढून दाखविले. वायरमनची गोष्ट ऐकून ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मास्तर, हे त्याच दिवशी सांगायचे.” आम्ही म्हटले, “नाना, त्या दिवशी आम्हालाच कुठे माहीत होते!” गेल्या पावसाळ्यात एकदा संध्याकाळची वीज चार तास गेली, तेव्हा त्यांचे दोन्ही मोबाइल आमच्या मेजावर भरत पडले होते.

अलीकडे ते बारा महिन्यांची बिले घेऊन आले. महिन्यास सरासरी १६० युनिट, म्हणजे दीड किलोवॉटच्या जवळपास काम भागते. गच्ची पाहिली. जागा उत्तम, पण टाकी नेमकी दक्षिणेच्या कोपऱ्यात, आणि तीही सात फुटी. बसविणाऱ्याने त्यांना सांगितले होते की काही बिघडत नाही. आम्ही डिसेंबरात दुपारी साडेबारा वाजता गच्चीवर खडूने टाकीच्या सावलीची रेघ मारून दिली, पुन्हा तीन वाजता दुसरी मारली, आणि पॅनेले जेथे यावयाची तेथे दोन्ही रेघा पोचलेल्या त्यांना दिसल्या. येत्या रविवारी प्लंबर येऊन टाकी उत्तरेस नेणार आहे.